ओपाचं तळघर आणि आमची कांद्याची चाळ

माझे वडील ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. तिथं रशियन बनावटीची लढाऊ विमानं जोडली जायची. तीस-बत्तीस वर्षं त्यांच्या सुट्या भागांवरची अक्षरं बघून बघून पप्पांना रशियन लिपी ओळखू यायला लागली होती. भाषा येत नव्हती, फक्त अक्षरं. मी डॉक्टरकीला किर्गिझस्तानला जायचं ठरलं तेव्हा त्यांनी वहीच्या पाठच्या पानावर ती सगळी अक्षरं काढून मला घोकायला लावली. आल्यागेल्याला सांगायचे, "पोरगी रशियाला चाललीय."

"रशिया नाही पप्पा, किर्गिझस्तान. वेगळा देश आहे तो."

"आता वेगळा. पहिले एकच व्हतं ना सगळं."

ते चुकत नव्हते. सोव्हिएत संघात पंधरा प्रजासत्ताकं होती, त्यातलंच हे एक. डोंगराळ, लहान, चीनच्या सीमेला टेकलेलं. संघ मोडला तेव्हा न मागता स्वतंत्र झाल्यासारखं स्वतंत्र झालं. एवढं मला जाण्याआधी एजंटच्या माहितीपत्रकातून कळलं होतं. बाकीचा इतिहास मला एका बाईनं सांगितला, आणि तोही तिच्या घरात जमाव घुसून गेल्यानंतर.

त्या बाईला आम्ही ओपा म्हणायचो. उझबेकीत ओपा म्हणजे ताई. बिश्केक शहराच्या कडेला बैठ्या घरांची एक गल्ली होती, तिथं तिचं घर. निळं लोखंडी फाटक, अंगणात जर्दाळूचं झाड आणि त्याखाली बसायला लाकडी चौथरा. वय पंचावन्नच्या पुढे. नवरा बसचा मेकॅनिक होता, तो वारला. मुलगा रशियात बांधकामावर. हॉस्टेलचं खाणं सोसेना म्हणून तिसऱ्या वर्षापासून मी आणि माझी एक मैत्रीण तिच्याकडे भाड्यानं राहायला लागलो. मैत्रीण सटाण्याची. घाबरली की तिची अहिराणी सुरू व्हायची. ओपा आमच्याशी रशियनमध्ये बोलायची, आम्ही मोडक्यातोडक्या रशियनमध्ये उत्तरं द्यायचो. आम्हाला लहान मुलं समजून बोलायची तिला सवय होती. "चपला आत घ्या," हे वाक्य ती दिवसातून दहा वेळा म्हणायची. तिकडे चपला उंबऱ्याबाहेर काढतात, आपल्यासारख्याच. पण ओपाच्या घरात त्या उचलून आत, दाराआड ठेवायच्या. मला वाटायचं, कुत्री नेत असतील.

पाचव्या वर्षी, मे महिन्यात, एका हॉस्टेलबाहेर गावातल्या काही मुलांची आणि काही परदेशी विद्यार्थ्यांची मारामारी झाली. कुणी आधी हात उचलला हे मला आजही माहीत नाही. त्याचा व्हिडिओ मोबाइलवर फिरला. चार दिवस फिरत राहिला. मग एका संध्याकाळी शेकडो माणसं रस्त्यावर उतरली आणि परदेशी दिसेल त्याला मारत हॉस्टेलांकडे निघाली. अरब, पाकिस्तानी, बांगलादेशी, आम्ही, त्यांच्या दृष्टीनं सगळे एकच.

मैत्रीण कोपऱ्यावरच्या दुकानात दही आणायला गेली होती. तिकडे मे महिन्यात आठ वाजेपर्यंत उजेड असतो. ती पळत आली तेव्हा तिच्या हातात पिशवी नव्हती आणि उजवं मनगट वाकडं लटकत होतं.

"काय झालं?"

"तीन जण व्हतात. त्यासनी पाइप मारा." ती खाली बसली. "माले भीती वाटस. ते इकडेच येतस."

ओपानं फाटकाला आतून कडी लावली. स्वयंपाकघरातला गालिचा बाजूला सारला. त्याखाली फळी होती, फळीखाली तळघर. तिथं ती बटाटे आणि मुरंब्याच्या बरण्या ठेवायची. "उतरा," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

मैत्रीण उतरली. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तेवढ्यात फाटकावर थापा पडल्या. खूप जोरात नाही. तळहातानं, भराभर. बाहेरून एक मुलगा उर्दूत म्हणत होता, "ताई, उघडा. अल्लाच्या नावानं उघडा." मागे, गल्लीच्या तोंडाशी, गलका ऐकू येत होता.

मी त्याला ओळखलं. पलीकडच्या हॉस्टेलमधला पाकिस्तानी मुलगा, आमच्या मागच्या वर्गातला. कधीतरी नोट्स मागायला आला होता. त्याला आम्ही इथं राहतो हे माहीत होतं.

मी ओपाचा हात धरला आणि म्हणाले, "नको उघडूस."

मी हे म्हणाले. दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा मोठ्यानं. "तो त्यांना घेऊन येईल. आपण सगळे मरू. नको उघडूस."

ओपानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. हात सोडवून घेतला, जाऊन कडी काढली. मुलगा आत पडलाच. डोक्याच्या मधोमध कातडी फाटून रक्त दोन्ही कानांवरून वाहत होतं. ओपानं त्याला दंडाला धरून ओढत आणलं, माझ्या अंगावर जवळजवळ ढकललं आणि फळी लावून घेतली. वर गालिचा पसरल्याचा आवाज आला.

खाली मिट्ट काळोख. मी त्याच्या डोक्यावर माझी ओढणी दाबून धरली. त्याचं रक्त कोपरापर्यंत ओघळत होतं. वर आम्हाला ऐकू आलं ते भलतंच. बादलीत पाणी भरल्याचा आवाज, मग फाटक उघडल्याचा, मग रस्त्यावर पाणी शिंपल्याचा आणि खराट्याचा. मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. मग कळलं. रक्ताचे थेंब रस्त्यावरून फाटकापर्यंत आले असणार. ती त्यावर सडा घालत होती. तिकडच्या बायका रोज संध्याकाळी दारासमोर पाणी मारून झाडतात. त्यात कुणाला नवल वाटलं नसतं.

जमाव आला तेव्हा ती झाडत होती. बोलणं किर्गिझ भाषेत होतं, मला एखाददुसरा शब्द कळत होता. बरेच आवाज, आणि तिचा एक. मग बादली लाथेनं उडाल्याचा आवाज. मग फाटकावर काहीतरी धाडकन आपटलं, आणि ते काहीतरी म्हणजे ओपा होती हे मला कळलं, कारण त्यानंतर थोडा वेळ तिचा आवाज येईना.

दोघं-तिघं घरात शिरले. बूट घालून. आमच्या डोक्यावरची फळी त्यांच्या वजनानं करकरली आणि वाळूचे कण माझ्या तोंडावर पडले. त्यांनी आमच्या खोलीतला लॅपटॉप आपटला, आरसा फोडला. मैत्रिणीनं तोंडात स्वतःची वेणी कोंबली होती. मुलाचे दात कडकड वाजत होते. मी त्याचा जबडा धरून ठेवला, दुसऱ्या हातानं डोकं. त्या क्षणी मला त्याची दया येत नव्हती. त्याच्या दातांच्या आवाजाचा राग येत होता.

"कुठं आहेत त्या?" कुणीतरी रशियनमध्ये ओरडलं.

"विमानतळावर गेल्या. दुपारीच." ओपा होती. शब्द जड येत होते. "भाडंसुद्धा न देता गेल्या."

कुणीतरी हसलं. मग ते अंगणात गेले. आमचे पांढरे कोट आणि पुस्तकं त्यांनी जर्दाळूच्या झाडाखाली ढीग करून पेटवली. धूर फळीच्या फटींतून खाली आला. आम्ही तिघांनी बटाट्यांच्या पोत्यात तोंडं खुपसली. गलका हळूहळू पुढच्या गल्लीत गेला. तिथून एका मुलीची किंकाळी आली, बराच वेळ येत राहिली, आणि मग थांबली. ती कोण होती ते आम्हाला कधीच कळलं नाही.

सकाळी ओपानं फळी उचलली. तिच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ होतं, एक डोळा मिटला होता. टाके घालण्याचा सराव करायची माझी पेटी कपाटाखाली सरकल्यामुळं वाचली होती. मी त्या मुलाच्या डोक्याला सात टाके घातले, भूल न देता. तोपर्यंत मी फक्त रबराच्या तुकड्यावर टाके घातले होते. तो चौथऱ्याची कड धरून बसला होता आणि दर टाक्याला मला "शुक्रिया" म्हणत होता. ते ऐकणं मला टाके घालण्यापेक्षा जड गेलं. मैत्रिणीचं मनगट लाटण्याला बांधलं. मग ओपानं चहा केला. झाडाची एक बाजू जळली होती. तिनं चहा ओतता ओतता, आम्ही न विचारता, सांगायला सुरुवात केली.

ती मूळची दक्षिणेतल्या उझगेन गावची. तिथं उझबेक आणि किर्गिझ शेजारी शेजारी राहायचे. तिच्या पणजोबांकडे दोन बैल होते, म्हणून त्यांना सधन ठरवून गाडीत घालून नेलं, ते परत आले नाहीत. मॉस्कोत बसून कुणीतरी नकाशावर रेघा मारल्या आणि उझबेकांचं हे गाव किर्गिझ प्रजासत्ताकात आलं. लिपी बदलली, मग पुन्हा बदलली. पणजीनं लिहिलेलं आजीला वाचता यायचं नाही, आजीनं लिहिलेलं आईला.

"शाळेत आम्ही रोज म्हणायचो, सगळ्या जमाती भावंडं," ओपा म्हणाली. "आणि मनापासून म्हणायचो. खोटं नव्हतं ते."

संघ मोडायच्या आदल्या वर्षी, जून महिन्यात, ओश शहराजवळच्या एका सामूहिक शेतीच्या जमिनीवरून वाद पेटला. बेघर किर्गिझ तरुणांना घरांसाठी ती जमीन हवी होती, ती कसणारे उझबेक होते. दोन दिवसांत आग उझगेनला पोचली. ओपा तेव्हा बावीस वर्षांची, लग्न होऊन सहा महिने झालेले. शेजारी एक किर्गिझ नर्स राहायची. तिनं ओपाला आणि तिच्या सासूला गाद्यांच्या चळतीमागे लपवलं. ओपाचा मोठा भाऊ दोन घरं पलीकडे लपला होता. तिथं उंबऱ्याबाहेर सात माणसांच्या चपला राहिल्या होत्या आणि घरात फक्त एक म्हातारा दिसत होता. मारणाऱ्यांनी चपला मोजल्या.

"त्याला फावड्यानं मारलं," ती म्हणाली. "मी तिसऱ्या दिवशी पाहिला. चेहरा नव्हता. शर्टाला मी लावलेलं बटण होतं, वेगळ्या रंगाचं."

मैत्रिणीनं कप खाली ठेवला.

"ऐका, अजून संपलं नाही. मागच्या गल्लीत आमच्या पोरांनी एका किर्गिझ बस ड्रायव्हरला जिवंत जाळलं. तो रोज मला बाजारात सोडायचा, पैसे घ्यायचा नाही. जाळणाऱ्यांत माझा चुलतभाऊ होता. आजही आला तर मी त्याला चहा देते. काय करू?" तिनं साखरेचा खडा दातांत धरला. "मग फौजा आल्या. वर्षभरात देशच गेला. आम्ही ओशला घर बांधलं. वीस वर्षांनी तेही जाळलं. तेव्हा आम्ही इकडे आलो, किर्गिझांच्या शहरात. नवरा म्हणाला, आगीपासून लांब जायचं तर चुलीजवळ बस."

मी विचारलं, "मग काल दार का उघडलं?"

"त्या नर्सनं उघडलं होतं," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली. मी दार उघडू नको म्हणाले होते, हे तिनं त्या मुलासमोर काढलं नाही. नंतरही कधी नाही.

तीन दिवस आम्ही घरातच होतो. मग विमानतळापर्यंत पोलिसांच्या बंदोबस्तात बस मिळाली. दिल्ली, मुंबई आणि तिथून नाशिक. पप्पा निवृत्तीनंतर नाशिकमध्येच आमच्या समाजाच्या कॉलनीत घर बांधून राहत होते. घरी पोचले तर लग्नघरासारखी गर्दी. जयभीम घालत एकेक जण आत येत होता, माझ्याकडे बघून जात होता. एका चॅनलचा माणूस माइक घेऊन आला. पप्पांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. कॉलनीतले एक काका पंख्याखाली बसून म्हणाले, "जंगली लोकं ती. आपल्याकडं असं नाय होत."

मी मान डोलावली. पप्पा उठून गच्चीवर गेले. मला वाटलं, त्यांना भरून आलं असेल.

त्यानंतर मी महिनाभर नीट झोपले नाही, नीट जेवले नाही. वर्ग मोबाइलवर सुरू झाले होते, मी समोर धरून बसायचे. एका दुपारी आई बहिणीकडे गेली होती. पप्पा जेवायला बसले होते आणि मी त्यांना वाढता वाढता एकदम सांगून टाकलं. फाटक, थापा, तो मुलगा, आणि मी काय म्हणाले ते.

पप्पांनी ताट बाजूला सारलं नाही. हातातला घास खाल्ला. पाणी प्यायले. मग म्हणाले, "तुझ्या आज्जीनं बी नव्हतं उघडलं."

मला कळेना.

"आपल्या गावात," ते म्हणाले. गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. नदीकाठचं, द्राक्षांच्या बागांतलं गाव आहे. आम्ही दरवर्षी जत्रेला जातो. "मी नऊ वर्सांचा आसंल. आपल्या वस्तीनं ठरवलं, मेलेली जनावरं आता वढायची नाय. बाबासाहेबांनी सांगितलेलं, उशिरा का व्हईना, ठरवलं. मग एकाचा बैल मेला. तीन दिवस तसाच. सगळ्या गावात वास. चौथ्या दिवशी दुपारी ते आले. कुऱ्हाडी, काठ्या, रॉकेलचे डबे."

पप्पांनी मला कधी गावाबद्दल दोन वाक्यांपेक्षा जास्त सांगितलं नव्हतं. आता ते थांबत नव्हते.

वस्तीच्या मागे एका शेतकऱ्याचा मळा होता. त्याची बायको बांधावर उभी होती. तिनं हात केला. आज्जी पप्पांना आणि दोन आत्यांना घेऊन पळाली, बरोबर आणखी दोघी बाया. त्या बाईनं सगळ्यांना आपल्या कांद्याच्या चाळीत घातलं. चाळ म्हणजे बांबूच्या पट्ट्यांची लांब कोठी, वारा खेळावा म्हणून पट्ट्यांत फटी ठेवलेल्या, वर पाचटाचं छप्पर. आत छातीएवढा कांदा. बाई म्हणाली, कांद्यात घुसा, अन् आतून खुंटी लावा.

"फटीतून सगळं दिसत व्हतं," पप्पा म्हणाले. "आपलं घर पेटलेलं दिसलं. माझ्या बापाला झाडाला बांधून काठ्यांनी मारलेलं दिसलं. शेण खायला लावलं त्यांनी त्याला. मी बघत व्हतो. आईनं माझं डोळं नाय झाकलं, तिचे हात खुंटीवर व्हते."

तेवढ्यात पप्पांचे चुलते चाळीपाशी आले. त्यांना मी धाकटे आजोबा म्हणायचे. माझ्या लहानपणी दर रविवारी पेरू घेऊन यायचे. उजवा पाय गुडघ्यात न वाकणारा. घरात सांगायचे की बैलगाडीवरून पडले. तेव्हा ते वीस-एकवीस वर्षांचे होते. पळत आले, चाळीच्या दाराला तोंड लावून हळूच म्हणाले, "वहिनी. वहिनी, आत हायस का?"

"आईनं खुंटी दाबून धरली," पप्पा म्हणाले. "त्यांच्या मागं माणसं लागलेली दिसत व्हती. उघडलं आसतं तर सगळे सापडलो आसतो. ती हूं का चूं बोलली नाय. मी कांद्याच्या पापुद्र्यानं खोकलो. तिनं माझं तोंड दाबलं. चुलते जरा थांबले. मग विहिरीकडं पळाले. तिथं धरलं त्यांना. दगडावर पाय ठेवून कुऱ्हाडीच्या दांड्यानं गुडघा फोडला. एकदा नाय. मोजत व्हते ते."

माझ्या हातातली पळी तशीच होती.

"आजोबांना कधी कळलं?"

"आईनं मरताना सांगितलं त्यांना. पायाशी बसवून. ते म्हणले, मला तवाच ठावं व्हतं वहिनी. पोराचा खोकला वळखला व्हता मी."

पप्पा उठले, हात धुतले. "तू घाबरून बोललीस. दार दुसऱ्यानं उघडलं, तुझं नशीब. माझ्या आईचं नशीब तसं नव्हतं. जेव आता."

सप्टेंबरात मी परीक्षेसाठी आणि शेवटच्या वर्षासाठी बिश्केकला परत गेले. मैत्रीण आली नाही, तिचं मनगट वाकडंच जुळलं आणि तिच्या घरच्यांनी नको म्हटलं. ओपाच्या घराला नव्या काचा लागल्या होत्या, त्याही एकदा फुटून पुन्हा लावलेल्या. गल्लीतली पोरं तिला येताजाता टोमणे मारायची, परदेशी पाळते म्हणून. दिवाळीच्या आसपास कुणीतरी फाटकावरून मेलेली मांजर टाकली. तिनं ती फडक्यात गुंडाळून पुरली आणि त्याच आठवड्यात घर विकायला काढलं. माझी पदवी झाली त्या महिन्यात ती मुलाकडे रशियात गेली. आता एका कारखान्याच्या वसाहतीत, नवव्या मजल्यावर राहते. फोनवर म्हणते, "इथं उंबरा नाही, लिफ्ट आहे. कुणी वर यायलाही कंटाळतो." पप्पांनी एकदा व्हिडिओवर तिला नमस्कार केला. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळलं नाही. बराच वेळ नुसते बघत बसले.

मी सध्या नाशिकमध्ये एका दवाखान्यात इंटर्नशिप करते. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी पप्पा म्हणाले, "काकूकडं जाऊन येऊ." काकू म्हणजे धाकट्या आजोबांची बायको. आजोबा जाऊन चार वर्षं झाली. ती मुलाकडे, नाशिकमध्येच, दुसऱ्या कॉलनीत असते. ती ओट्यावर मेथी निवडत बसली होती. पप्पा तिच्यासमोर खाली बसले, मांडी घालून, पोरासारखे.

"काकू, एक सांगायचं व्हतं."

"चाळीचं ना?" ती मेथीवरून नजर न काढता म्हणाली.

पप्पांनी मान हलवली.

"त्यांनी मला लग्नाच्या पहिल्या वर्सीच सांगितलं व्हतं. त्यांनी तुझ्या आईला माफ केलं. त्यांचा सभाव तसा. मी नाय केलं." तिनं एक जुडी बाजूला टाकली. "तिच्या जागी मी बी उघडलं नसतं, त्ये बी मला ठावं हाय. तरी नाय केलं. पन्नास वर्सं त्यो पाय मी चोळला, मी धुतला. थंडीत रडायचे ते पोरावानी. तुझी आई घरी यायची, मी जेवायला वाढायची तिला, आन् मनात म्हणायची, तुझा हात झडो."

"मी आत व्हतो काकू. मी खोकलो."

"तुला कुठं काय म्हणतीय मी? ते म्हणायचे, खोकला ऐकला आन् जीव भांड्यात पडला, पोरं जित्ती हायती म्हणून. म्हणून तर विहिरीकडं पळाले. त्या लोकांना तिकडं न्यायला."

हे पप्पांना माहीत नव्हतं. त्यांनी दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि मान खाली घातली. त्यांच्या पाठीचा सदरा हलत होता. काकू त्यांच्याकडे बघत राहिली, जवळ गेली नाही, डोक्यावर हात ठेवला नाही. मग मला म्हणाली, "पोरी, तुझ्या बापानं तुझं बी सांगितलंय मला फोनवर. त्यो पोरगा जगला का?"

"जगला. लाहोरकडं असतो. तिथंच राहिलेलं शिक्षण पूर्ण करतो."

"त्याला ठावं हाय?"

"नाही."

"मग त्याला सांग. मरताना सांगू नको. मरणाऱ्यावर कुणाला रागावता येत नाय." तिनं मेथीची चाळणी माझ्याकडे सरकवली. "हे निवड आन् जेवून जा. माफीबिफी मागायला परत येऊ नका. नुसतं या."

त्याच आठवड्यात मी त्या मुलाला फोन केला. सांगितलं. त्यानं फोन बंद केला. पाच दिवसांनी त्याचा मेसेज आला. लिहिलं होतं की राग आहे आणि तो किती दिवस राहील ते सांगता येत नाही. खाली आणखी एक ओळ होती: इथल्या सर्जनला डोकं दाखवलं, तो वण बघून म्हणाला, टाके स्वच्छ घातलेत, कुणी घातले?